बाटलीचं तोंड: मारेगावकडच्या एका गाठीचा प्रकरण अभ्यास

रुग्ण: २१ वर्षांची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, घर यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात. तक्रार: मानेला डाव्या बाजूला गाठ. सोबतचे कागद: एक कापडी पिशवी भरून.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ग्रामीण भागात लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचं, निदान व्हायला उशीर होतो तो नेमका कुठे, हा माझ्या अभ्यासाचा विषय. प्रत्यक्षात मी लोकांच्या पिशव्या उपसते. चिठ्ठ्या, पावत्या, एसटीची तिकिटं तारखेने लावायची आणि दोन कागदांमधले दिवस मोजायचे. या पिशवीत गुंडाळून सुरकुतलेला छातीचा एक्स-रे होता, रेशनकार्डाच्या चार झेरॉक्स होत्या आणि रबरबँड लावून ठेवलेली क्षयाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. पाच महिन्यांची, सगळी. मी आईकडे बघितलं. "औषध घेतलं नाई असं कोनी म्हनू नये, म्हनून ठेवलं जी," ती म्हणाली.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दिवसांचा हिशेब मात्र पिशवीतला आहे तसाच ठेवला आहे.

पोळा ते दिवाळी

पोळ्याच्या आदल्या दिवशी वेणी घालताना आईच्या बोटाला मुलीच्या हंसळीच्या हाडावर काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याएवढं, दुखत नव्हतं. आजी म्हणाली, "अवधान हाय, चुना-गूळ लावा, बसून जाते." लेप लावला, चामडी सोलली, गाठ होती तिथेच. नवव्या दिवशी गावातल्या डॉक्टरकडे गेले. पाच दिवसांची अँटिबायोटिक. मग दुसऱ्या डॉक्टरची दुसरी अँटिबायोटिक. मग तालुक्याला तिसरे डॉक्टर आणि तिसरी.

इथे एक गोष्ट निसटली, ती वैद्यकाच्या पहिल्या वर्गातली आहे. जबड्याखाली, कानामागे आलेली गाठ दाताची असते, घशाची असते, केसातल्या उवांच्या खाजेची असते. हंसळीच्या हाडावरची गाठ सहसा तशी नसते. त्या जागी छाती आणि पोटाकडून येणारा लसिकेचा प्रवाह पोचतो. तिथली न दुखणारी, रबरासारखी घट्ट गाठ अँटिबायोटिकच्या तीन फैरींपर्यंत थांबण्यासारखी नसते. पण हेही खरं की तीन डॉक्टरांपैकी एकालाही सलग दोनदा ती गाठ बघायला मिळाली नाही. प्रत्येकाने ती पहिल्यांदाच बघितली, म्हणून प्रत्येकाने पहिल्यांदा जे देतात ते दिलं.

पहिल्या डॉक्टरपासून सुईच्या तपासणीपर्यंत ६६ दिवस. असल्या दिवसांना मी पूर्वी तक्त्यात 'रुग्णाकडून झालेला उशीर' असं लिहायची. आता नाही लिहीत. त्या ६६ दिवसांत सोयाबीन काढणी झाली, कापसाची पहिली वेचणी झाली, आणि तरी हे लोक तीन डॉक्टरांकडे मिळून चार चकरा करून आले. संध्याकाळी ताप चढायचा, रात्री इतका घाम यायचा की कपडे बदलावे लागायचे. आईला वाटायचं, दिवसभर वावरात वाकून पोरगी थकली. वजन ५१ किलोवरून ४५ वर आलं होतं. ताप, रात्री भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, या तीन गोष्टींना लिम्फोमाच्या कामात 'बी लक्षणं' म्हणतात. तिघीही हजर होत्या. पण याच तीन गोष्टी क्षयातही असतात, आणि आपल्याकडे आधी क्षय आठवतो.

माझी सही

दिवाळीनंतर ती आमच्याकडे आली. एफएनएसी झाली. बारीक सुई गाठीत घालायची, ओढून येईल तेवढ्या पेशी काचेवर पसरायच्या आणि रंगवून बघायच्या. वीस मिनिटांचं काम, भूल नाही, टाका नाही, खर्च थोडा. माझ्या मते ग्रामीण वैद्यकातली ही सगळ्यात उपकारक तपासणी आहे, आणि लिम्फोमाच्या बाबतीत सगळ्यात फसवीही.

तिचा रिपोर्ट असा होता: 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस. क्षयाचे जंतू दिसले नाहीत. इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे.' खाली सही माझी.

ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने एखाद्या शत्रूभोवती घातलेला पेशींचा वेढा. भारतात मानेच्या गाठीत असा वेढा दिसला की शंभरातल्या बहुतेकांना क्षयच असतो, त्यामुळे रिपोर्ट वाचणारा 'ग्रॅन्युलोमॅटस' हा शब्द क्षय असाच वाचतो. शेवटची ओळ आम्ही सगळ्याच रिपोर्टवर लिहितो, म्हणून ती कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही.

पण हॉजकिन लिम्फोमाही ग्रॅन्युलोमा करू शकतो. हा फार चमत्कारिक कर्करोग आहे. बाकी गाठींमध्ये कर्करोगाच्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या रोगी पेशी शंभरात एखादी-दुसरी, कधी त्याहूनही कमी. बाकी सगळी गर्दी त्या पेशीने बोलावलेल्या साध्या पेशींची. म्हणजे लग्नाच्या मांडवात हजार पाहुणे आणि चोर दोन. सुई मांडवाच्या कुठल्या कोपऱ्यात शिरली यावर सगळं अवलंबून.

या गोंधळाला सव्वाशे वर्षं झाली. थॉमस हॉजकिनने १८३२ साली लंडनमध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेही सूक्ष्मदर्शकाशिवाय, प्रेतांमधल्या गाठी नुसत्या डोळ्यांनी बघून. पुढे १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्गने यातल्या मोठ्या, दोन केंद्रकांच्या पेशींचं नीट वर्णन केलं. आज त्या पेशीवर त्याचं नाव आहे. पण त्याची स्वतःची समजूत काय होती? हा क्षयाचाच एक वेगळा प्रकार आहे! त्याच्या रुग्णांपैकी अनेकांना क्षयही होता, म्हणून तो फसला. १९०२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीडने ठामपणे मांडलं की हा क्षय नव्हे, हा वेगळा आजार आहे. तिला पुढे तिथे शिकवण्याची जागा मिळण्याची आशा नव्हती, कारण ती बाई होती. तिने पॅथॉलॉजी सोडली. पेशीला मात्र रीड-स्टर्नबर्ग असं दोघांचं नाव राहिलं. ज्याने ती पेशी नीट दाखवली तोच तिला क्षय समजला, तर मारेगावच्या डॉक्टरला नावं ठेवायचा मला काय अधिकार, असं मला ही गोष्ट आठवली की वाटतं.

निदान झाल्यावर मी त्या जुन्या काचा फडताळातून काढल्या. चार काचा होत्या. तिसरीच्या कडेला, जिथे पेशी दाबून चुरगळल्या होत्या, तिथे एक मोठी पेशी होती. दोन केंद्रकं, प्रत्येकात घुबडाच्या डोळ्यासारखा ठळक ठिपका. होती का खरंच? आज निदान माहीत असल्यामुळे मला ती दिसते. त्या दिवशी पंचेचाळीस काचांच्या ढिगात ती मला दिसली नाही, आणि दुसऱ्या कोणाला दिसली असती असं मी शपथेवर सांगणार नाही. माझं चुकलं ते दुसरीकडे. 'अख्खी गाठ काढून तपासा' एवढे चार शब्द रिपोर्टात घालायला काही पडत नव्हतं.

पाच महिने

एफएनएसीनंतर बाराव्या दिवशी एकेटी सुरू झाली. क्षयाच्या औषधांना आपल्याकडे सगळे एकेटीच म्हणतात. सुईतून आलेल्या मालाची सीबीनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी, तपासणी झाली होती, त्यात क्षयाचा जंतू सापडला नव्हता. पण गाठीच्या क्षयात सीबीनॅट बऱ्याचदा निसटते, त्यामुळे 'नाही सापडला' याचा अर्थ 'नाही' असा कोणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये मधला भाग रुंद दिसत होता. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कॉक्स'. क्षयासाठी आमच्यातला हा जुना शब्द, रॉबर्ट कॉखवरून आलेला. रुग्णासमोर टीबी म्हणायचं नसलं की कॉक्स म्हणायचं.

तिसऱ्या आठवड्यात ताप गेला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हॉजकिनमध्ये ताप कधीकधी आठवडाभर येतो, मग आपसूक ओसरतो, मग पुन्हा येतो. पेल आणि एबस्टाइन या दोघांनी १८८० च्या दशकात हे लिहून ठेवलंय. आपोआप उतरलेल्या तापाचं श्रेय औषधाला गेलं.

दोन महिन्यांनी गाठ बोराएवढीची आवळ्याएवढी झाली. गाठीच्या क्षयाला आणखी एक खोड आहे. औषध बरोबर चालू असतानाही काही रुग्णांची गाठ मध्येच वाढते, कारण मरणाऱ्या जंतूंवर शरीर जोरात चालून जातं. त्याला उलटी प्रतिक्रिया म्हणतात, आणि तिच्यावर उतारा म्हणून स्टिरॉइड देतात. तिलाही प्रेडनिसोलोन मिळालं, चार आठवडे. गाठ झपाट्याने बसली. बसणारच होती, कारण लिम्फोमाच्या कित्येक उपचारांत प्रेडनिसोलोन हे एक औषध असतंच. म्हणजे कोणाला न कळत तिला कर्करोगाचं अर्धवट औषध मिळत होतं आणि गाठ बसली याचा अर्थ 'क्षयच होता' असा निघत होता. निदानाआधी स्टिरॉइड दिलं की लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या दबतात आणि त्या काळात बायोप्सी केली तर तीही गंडू शकते. म्हणून आम्ही ओरडत असतो, आधी गाठ काढा, मग स्टिरॉइड. ओरडतो परिषदांमध्ये. तिथे मारेगावचं कोणी नसतं.

स्टिरॉइड थांबलं आणि महिन्याभरात एकाच्या चार गाठी झाल्या. त्यातच खाज सुरू झाली. पोटऱ्या, हात, रात्रभर. अंगावर पुरळ नाही, नुसते ओरबाडे. खरजेचं औषध दिलं गेलं आणि नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्यांनी लावायचं म्हणून आजीसकट पाच जणांनी मानेपासून पायापर्यंत ते लावलं. "पुऱ्या घरानं लावलं," आई म्हणाली, "पन खाजवे थे एकटीच." हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना आता दरवर्षी सांगते. घरात एकटीलाच खाज, पुरळ नाही, आणि मानेत गाठी: हॉजकिनची ही जुनी खूण आहे.

एकेटी सुरू झाल्यापासून पहिल्या बायोप्सीपर्यंत १४१ दिवस. पिशवीतला सगळ्यात मोठा तुकडा हाच. या काळात मुलगी दर महिन्याला आरोग्य केंद्रात जात होती, तिचं वजन होत होतं, गोळ्या मोजून मिळत होत्या. निष्काळजीपणा म्हणावा असं कोणी काही केलं नाही. फक्त 'अमुक दिवसापर्यंत गाठ कमी झाली नाही तर आपला अंदाज पुन्हा तपासायचा' असा दिवस कोणाच्याच वहीत नव्हता.

बाटली

एप्रिलच्या शेवटी तालुक्याच्या ठिकाणी एका सर्जनने एक गाठ अख्खी काढली. चांगली काढली, आवरणासकट. ती माझ्याकडे पोचली तिसऱ्या दिवशी, वडिलांच्या हातातल्या पिशवीत. करंजीपर्यंत काळीपिवळी, तिथून हायवेची एसटी, मध्ये एक रात्र नातेवाइकांकडे. बाहेर ४४ अंश.

आतमध्ये इंजेक्शनची काचेची बाटली. रबरी बूच काढून गाठ आत ढकललेली आणि बाटली सलाइनने भरलेली. तोंड करंगळी जाईल एवढं. बाटली उघडली आणि वास आला तेव्हाच कळलं. चिमट्याने गाठ बाहेर येईना. शेवटी बाटली फडक्यात गुंडाळून फोडली. हातात आलं ते उकडून मऊ पडलेल्या बटाट्यासारखं होतं. तरी आम्ही त्याच्या वड्या पाडल्या, काप रंगवले. पेशींच्या जागी फिक्या गुलाबी सावल्या. रिपोर्ट: 'ऊती कुजलेली, निदान शक्य नाही, पुन्हा नमुना पाठवावा.'

मी संतापून सर्जनना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर क्षयाचा संशय लिहिलं होतं. टीबीच्या तपासणीला सलाइनमध्येच पाठवतात ना?"

बरोबर होतं त्यांचं. क्षयाचा जंतू वाढवून बघायचा किंवा सीबीनॅट करायची तर तुकडा सलाइनमध्ये लागतो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना बघायची तर फॉर्मलिनच लागतं, तेही गाठीच्या किमान दहापट. सलाइनमध्ये रचना सडते. एका गाठीला दोन भांडी लागतात. एक भांडं देणाऱ्या सर्जनला त्यातलं कुठलं निवडायचं हे आमचा फॉर्म सांगत नव्हता. शिवाय फॉर्मलिनमध्ये गाठ कडक होते. त्या बाटलीत फॉर्मलिन असतं तरी ती न फोडता निघाली नसतीच.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून घडलेल्या कार-टी उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, शिकवून, बी-पेशींच्या लिम्फोमावर सोडायच्या, आणि हे भारतात. मला त्याचा अभिमान आहे. आमच्याकडची गाडी रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डबीपाशी अडलेली असते.

गाठ अख्खी आली

दुसऱ्या बायोप्सीसाठी पुन्हा १९ दिवस गेले. एक टाका ओला होता, वडिलांना बियाण्याची सोय बघायची होती, आणि मुलगी 'आता नको' म्हणत होती. या वेळी शस्त्रक्रिया आमच्याकडे झाली. गाठ ताजी असतानाच मी धारदार पात्याने मधोमध चिरली. आतून पांढुरकी, ताज्या मासळीच्या मांसासारखी. क्षयाची जुनी गाठ बऱ्याचदा आतून पनीरासारखी भुसभुशीत निघते. ही तशी नव्हती. कापलेला भाग काचेवर हलके टेकवला, एक तुकडा सलाइनमध्ये क्षयाच्या तपासणीला दिला आणि उरलेला फॉर्मलिनमध्ये. फॉर्मलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं, म्हणून गाठ चिरून टाकायची, नाहीतर बाहेरून टिकते आणि आतून सडते.

तिसऱ्या दिवशी काप समोर आला. ग्रॅन्युलोमा होतेच, माझा जुना रिपोर्ट खोटा नव्हता. पण त्यांच्या आजूबाजूला, आता लपायला जागा नसल्यासारख्या, त्या मोठ्या पेशी बसल्या होत्या. मग प्रतिपिंडांनी पेशींच्या ओळखखुणा रंगवणं: सीडी३० लख्ख, सीडी१५ आहे, पॅक्स५ फिकं, सीडी२० आणि सीडी३ नाही. एपस्टाइन-बार विषाणूच्या प्रथिनाचा रंगही त्या पेशींनी घेतला. निदान: क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, मिश्र पेशींचा प्रकार.

आईच्या बोटाला गाठ लागल्यापासून २५८ दिवस. ९ घरी, ६६ अँटिबायोटिकमध्ये, १२ रिपोर्ट हातात घेऊन, १४१ एकेटीवर, १९ सडलेल्या गाठीपायी, ११ आमच्या प्रयोगशाळेत. हे ११ सुद्धा जास्तच आहेत.

निदान मी स्वतः सांगितलं. हे पॅथॉलॉजिस्टचं काम नसतं, पण साडेपाच महिने माझ्या सहीवर चाललेलं औषध मला दुसऱ्याच्या तोंडून थांबवायचं नव्हतं. आई रडली. मुलगी म्हणाली, "मॅडम, टीबी नाही, हे चांगलं झालं की वाईट?" घरच्यांनी टीबीची गोष्ट सोयरिकीच्या भीतीने मामालाही सांगितली नव्हती. मी म्हटलं, "हा कर्करोग आहे, पण बरा होणाऱ्यांपैकी आहे." हे दिलासा म्हणून बोलले नव्हते. पुढच्या टप्प्यात सापडलेल्या हॉजकिनमध्येही तरुण वयातले बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

क्षय आणि हॉजकिन एकाच शरीरात राहू शकतात, स्टर्नबर्गच्या रुग्णांसारखे. म्हणून क्षयाची संवर्धन तपासणी पूर्ण बेचाळीस दिवस चालू दिली. काही वाढलं नाही. तोवर एकेटीचे सहा महिनेही पूर्ण झाले होते, ती थांबवली.

लाल औषध

पेट स्कॅनमध्ये मान, छातीचा मधला भाग आणि प्लीहा पेटलेले दिसले. तिसरा टप्पा, बी लक्षणांसह. स्कॅनचे पैसे तूर विकून आले. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसले, पण त्याच्या मंजुरीसाठी बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. म्हणजे तो सडलेला नमुना नुसता निदानाच्या आड आला नव्हता, पैशाच्याही आड आला होता.

औषधं चार: डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डकार्बझिन. मिळून एबीव्हीडी. मिलानमध्ये जानी बोनादोन्ना यांनी ही चौकडी १९७० च्या दशकात बांधली, आणि आमच्याकडे अजून ती जागा सोडत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा, सहा चक्रं, एकूण बारा खेपा नागपूरच्या. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे सोबत आई आली, वडील नाही. धोरणाचा असाही परिणाम होतो.

पहिल्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "मॅडम, पुन्हा टीबीची गोळी देली का जी? लघवी लाल झाली." रिफाम्पिसिनने सहा महिने लघवी नारिंगी होत होती, तिने ते बघितलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. आता डॉक्सोरुबिसिनचा रंग उतरत होता. वॉर्डात त्याला सगळे 'लाल औषध'च म्हणतात. ते शिरेबाहेर सांडलं तर चामडी जाळतं, म्हणून नर्स ते सोडताना शेजारून हलत नाही. डकार्बझिनला उजेड सोसत नाही, त्यामुळे त्या बाटलीवर काळी पिशवी घालतात. धाकट्या भावाला वाटलं, ताईला दिसू नये म्हणून झाकलंय.

एकदा आईने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "लेकरं होतील ना जी?" एबीव्हीडीच्या आधी मॉप नावाची चौकडी होती, तिने आजार बरा व्हायचा पण पुष्कळांची मूल होण्याची शक्यता जायची. एबीव्हीडी त्या बाबतीत बरीच सौम्य आहे, बहुतेक तरुण मुलींची पाळी पुन्हा सुरळीत होते. हे तिला सांगितलं. मुलीला मी आधीच सांगितलं होतं. तिने विचारलं नव्हतं, पण ऐकताना मान वर केली होती.

दोन चक्रांनंतर पुन्हा पेट स्कॅन. पाच गुणांच्या मोजपट्टीवर दोन, म्हणजे रोग जवळजवळ विझलेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राथल या चाचणीने दाखवलं होतं की अशा रुग्णांत पुढे ब्लिओमायसिन वगळलं तरी चालतं. ते औषध फुप्फुसं खराब करतं. ज्या मुलीला पुढची चाळीस वर्षं वावरात वाकायचं आहे तिच्यासाठी ही मोठी गोष्ट. उरलेली चार चक्रं तीन औषधांवर झाली. मधे एकदा पांढऱ्या पेशी घटल्या, एकदा शीर सुजली. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला.

फवारणी

वडील कमी बोलतात. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "हे फवारनीनं झालं का जी? पोरगी पंपात पानी टाकाले यायची माह्यासंग."

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पोकळ नाही. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने इथली माणसं मेली, ते सगळ्यांनी बघितलंय. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेन या कीटकनाशकाला कर्करोगकारक ठरवलं, तेही नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या (हॉजकिन सोडून बाकीच्या लिम्फोमांच्या) पुराव्यावरून. त्याच वर्षी मॅलॅथिऑन आणि तणनाशक ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात गेले. पण ही सगळी नॉन-हॉजकिनची गोष्ट, आणि हिला होता हॉजकिन. शिवाय अशा पुराव्यावरून शेकडो-हजारो माणसांबद्दल बोलता येतं. एका मुलीच्या मानेतली एक गाठ कशाने झाली हे त्यातून निघत नाही.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, हिच्या आजाराचं कारण फवारणी आहे असं मला म्हणता येत नाही. तुमच्यामुळे झालं असं तर नक्कीच नाही. पण पोरीला पंपाजवळ नेऊ नका, आणि तुम्हीही तोंडाला फडकं बांधून भागतं असं समजू नका." ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही.

दोन डब्या

या प्रकरणानंतर आम्ही फॉर्म बदलला आणि आसपासच्या काही ग्रामीण रुग्णालयांना, सर्जनना एक पाकीट पाठवायला लागलो. त्यात दोन डब्या. एक रुंद तोंडाची, फॉर्मलिनने भरलेली, झाकणाला टेप. दुसरी लहान, निर्जंतुक, रिकामी, तिच्यात तिथलंच सलाइन घालायचं. सोबत शिसपेन्सिल, कारण फॉर्मलिन सांडलं की बॉलपेनचं नाव पसरतं आणि पेन्सिलीचं राहतं. फॉर्मवर एक नवा रकाना: 'एकेटी सुरू होऊन किती दिवस?' आणि एफएनएसीच्या आमच्या रिपोर्टात, ग्रॅन्युलोमा आहे पण जंतू दिसला नाही, असं असेल तिथे ठळक अक्षरात: 'आठ आठवड्यांत गाठ कमी न झाल्यास अख्खी गाठ काढून पाठवावी. त्याआधी स्टिरॉइड देऊ नये.'

आमच्यातल्या काहींना हे पटलं नाही. उगाच लोकांच्या माना चिरल्या जातील, म्हणाले. आक्षेप रास्त आहे. मानेच्या गाठींपैकी बहुतेक क्षयाच्याच असणार, आणि त्यातल्या पुष्कळ आठ आठवड्यांत पुरत्या बसतही नाहीत. 'कमी होणं' कशाला म्हणायचं यावर आमची दोन तास वादावादी झाली. शेवटी टेपने मोजलेला आकडा फॉर्मवर आला, आवळा-बोर बाद.

पहिली दोन पाकिटं परत आली ती रिकामी, डब्या दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. तिसरं आलं ते मात्र सांगितल्याप्रमाणे: दोन डब्या, पेन्सिलीतलं नाव, गाठ मधोमध चिरलेली. रुग्ण ३४ वर्षांचा, ट्रॅक्टर चालवणारा. रकान्यात लिहिलं होतं: ६१ दिवस. मी काप बघायला बसले तेव्हा हात थोडा थरथरत होता, हे कबूल करते. गाठ क्षयाची निघाली. आतून पनीरासारखी, अगदी पुस्तकातली.

दोन दिवसांनी सलाइनच्या डबीचा रिपोर्ट आला. सीबीनॅटमध्ये जंतू सापडला होता, आणि तो रिफाम्पिसिनला दाद न देणारा होता. म्हणजे त्याचेही ६१ दिवस चुकीच्याच औषधावर गेले होते. त्याची पिशवी मी मागवली आहे. अजून आलेली नाही.